दोरी ओढणारी माणसं

(गुरुजींच्या स्मरणार्थ चिंचवड येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पहिली पाळी संपवून थेट इथे आलेल्या मित्रांनो,

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आम्ही सगळे नुसतं ‘गुरुजी’ म्हणायचो. ते रात्रशाळेत इतिहास शिकवायचे. आम्ही दिवसभर मशिनवर आणि संध्याकाळी बाकावर. आपल्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी गुरुजी आम्हा पाच-सहा जणांना एसटीत बसवून कधी देहूला, कधी तळेगावला, कधी चाकणला न्यायचे. डब्यात भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. चाकणच्या किल्ल्याच्या उरल्यासुरल्या तटाजवळ बसून आम्ही जेवायचो आणि गुरुजी बोलत राहायचे. आज मी जे सांगणार आहे, त्याचं मूळ त्या गुरुवारांत आहे.

विषय आहे मध्ययुगीन जपानमधली माणसं आणि त्यांच्या शेजारी आपल्या मुलखातली माणसं. योद्धे, कलावंत, राज्य चालवणारे. हा विषय मी का घेतला, ते सांगायला मला आधी कारखान्यात जावं लागेल.

एका कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर मी तपासनीस होतो. लाइनच्या डोक्यावरून जपानी पद्धतीची एक पिवळी दोरी गेलेली होती. चूक दिसली की कुणीही ती ओढायची, लाल दिवा लागतो, लाइन थांबते. भिंतीवर शिस्तीच्या पाच जपानी शब्दांची पाटी होती: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. प्रत्येकाला पाठ. एके दिवशी मराठवाड्यातून आलेल्या एका कंत्राटी मुलाच्या हातमोज्याला ब्रॅकेटच्या भोकाची कड लागली. त्याने मोजा काढला, कडेवरून बोट फिरवलं. बर, म्हणजे धातूची टोकदार कड, आली होती. त्याने पुढचा ब्रॅकेट उचलला, त्यालाही बर. मग त्याने दोरी ओढली.

लाइन अकरा मिनिटं थांबली. सुपरवायझर धावत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: “कुणाला विचारून लाइन थांबवलीस?” मी भोक पाडणारा पंच तपासला. त्याची कड तुटली होती. पोराचं बरोबर होतं. कागदावर मी तसं लिहिलं आणि सही केली, पण तोंडाने काही बोललो नाही. पुढच्या महिन्यात त्याचा गेटपास परत निघाला नाही.

त्या गुरुवारी मी हे गुरुजींना सांगितलं. शेवटी, मोठ्या माणसासारखा आवाज काढून, मी एक वाक्य जोडलं: “जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त असते गुरुजी, आपल्याकडे हे चालायचं नाही.” गुरुजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “रक्तात असतं, असं म्हणणाऱ्याने त्यांचा इतिहास वाचलेला नसतो. आणि आपलाही.” ते वाक्य मी तीस वर्षं तपासून पाहतो आहे.

रक्तातली निष्ठा?

जपानच्या मध्ययुगात आधी काय दिसतं? १४६७ साली क्योतोत ओनिनचं युद्ध पेटलं. ते दहा वर्षं चाललं आणि राजधानीचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर शंभरेक वर्षं सरदार सरदाराशी लढत होता. त्या काळाचं वर्णन करणारा त्यांचा एक शब्द आहे, ‘गेकोकुजो’: खालच्याने वरच्याला उलथून टाकणं. चाकराने धन्याला, धाकट्याने थोरल्याला. ओदा नोबुनागाने देश जवळजवळ एका छत्राखाली आणत आणला होता; १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात त्याला घेरलं ते त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने. १६०० साली सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईचं पारडं फिरलं, त्यात मोठा वाटा होता ऐन लढाईत बाजू बदलणाऱ्या कोबायाकावा हिदेआकीचा.

निष्ठा आणि शिस्त त्या मातीत आपोआप उगवत असती, तर हे घडलं नसतं. निष्ठेचा त्यांनी एवढा गौरव केला, कारण ती दुर्मीळ होती. आपल्याकडच्या वतनदारांचे आणि देशमुखांचे त्या काळातले व्यवहार पाहिले तर चित्र फार वेगळं दिसत नाही. दोन्हीकडची माणसं सारखीच होती. वेगळेपण दिसतं ते एखाद्या अवघड क्षणी कोण कसं वागलं यात. असे काही क्षण आज आपण जवळून पाहू.

फुशिमी आणि चाकण

१६०० सालच्या उन्हाळ्यात तोकुगावा इएयासूला सैन्य घेऊन पूर्वेकडे जायचं होतं. आपली पाठ वळली की पश्चिमेचे सरदार उठणार आणि त्यांच्या वाटेवरचा फुशिमीचा किल्ला आधी पडणार, हे त्याला दिसत होतं. किल्ला त्याने तोरी मोतोतादाच्या हवाली केला. हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. इएयासू इमागावा घराण्याकडे ओलीस होता, तेव्हाही हा बरोबर होता. दोघे एकत्र बसून प्यायले आणि इएयासू निघाला. परत भेट नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. किल्ल्यात सुमारे दोन हजार माणसं, बाहेर चाळीस हजारांच्या घरातली फौज. दहा-बारा दिवस किल्ला लढला, मग पडला. मोतोतादा आणि त्याचे लोक मेले. रक्ताने माखलेल्या तिथल्या फळ्या पुढे क्योतोच्या काही मंदिरांत छताला बसवल्या. योगेन-इन मंदिरात आजही लोक मान वर करून त्या डागांकडे पाहतात. पायाखाली येऊ नयेत म्हणून त्या वर लावल्या, असं सांगतात. मोतोतादाने अडवलेले ते दिवस इएयासूच्या उपयोगी पडले. काही आठवड्यांनी तो सेकिगाहाराला जिंकला, १६०३ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला आणि त्याच्या घराण्याने १८६८ पर्यंत राज्य केलं.

आता साठ वर्षं पुढे या, आणि आपल्या घरी या. १६६० चा मे महिना. औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान प्रचंड फौजेनिशी पुण्यात येऊन बसला. २१ जूनला त्याने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. हा भुईकोट. डोंगराचा कडा नाही, जंगल नाही; खंदक, तट आणि बुरूज एवढाच आधार. आत फिरंगोजी नरसाळा आणि तीन-साडेतीनशे माणसं. त्याच दिवसांत शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले. म्हणजे बाहेरून मदत येण्याची आशा नाही. जुलैच्या मध्यावर महाराज पन्हाळ्यावरून निसटले, बाजीप्रभूंनी खिंड अडवली, तेव्हाही चाकण लढतच होतं.

आषाढ-श्रावणातला चाकणचा पाऊस तुम्ही अंगावर घेतला आहे. त्या पावसात, त्या चिखलात मोगल भुयार खणत बुरजापर्यंत आले. १४ ऑगस्टला सुरुंग उडाला आणि बुरूज कोसळला. मोगल खिंडारातून आत घुसले, तर आत मराठ्यांनी मातीचा बांध घालून ठेवलेला. दिवसभर तिथे झुंज झाली. दुसऱ्या दिवशी, जवळजवळ पंचावन्न दिवसांनी, फिरंगोजींनी किल्ला खाली केला. मोगल नोंदींप्रमाणे त्यांची २६८ माणसं मेली आणि ६०० जखमी झाली. सपाटीवरच्या एका लहान किल्ल्याची ही किंमत. समोर सह्याद्रीत डोंगरी किल्ल्यांची रांग उभी होती. पुढचा हिशेब खानाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खानाला माणसाची पारख होती. त्याने फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि ते महाराजांकडे गेले.

गुरुजी इथे थांबायचे. तटाच्या दगडावर हात ठेवून विचारायचे, “आता विचार करा. तुम्ही धनी आहात. किल्ला गमावलेला किल्लेदार समोर उभा आहे. तुमचा पहिला प्रश्न काय?”

महाराजांनी फिरंगोजींचा मान केला आणि पुढे भूपाळगडासारखा महत्त्वाचा किल्ला त्यांच्या हाती दिला. किल्ला गेला याचा जाब मागण्याआधी त्यांनी पाहिलं की या माणसाने शत्रूचा अख्खा पावसाळा खाल्ला. इएयासूनेही मोतोतादाच्या मुलाला मोठी जहागीर दिली, पण बाप मेल्यावर. फुशिमीचा सन्मान मृत्यूतून गेला. चाकणचा सन्मान हरून जिवंत परतलेल्या माणसाला मिळाला. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. मेलेल्या वीराचा गौरव सगळी राज्यं करतात. हरलेला माणूस समोर उभा असताना त्याच्यातलं मोल ओळखायला राजाला फार मोठं मन लागतं.

१९८० च्या दशकात आकुर्डीच्या बजाज ऑटोने कावासाकीशी हात मिळवला, तेव्हापासून कितीतरी जपानी शब्द आपल्या शॉप फ्लोअरवर आले. पण जो पाठ जपानकडून घ्यावा असं आपण म्हणतो, त्यातला सगळ्यात अवघड भाग चाकणमध्ये १६६० सालीच गिरवला गेला होता.

दोन वाणी, दोन दारं

आता कलावंतांकडे. ओसाकाजवळ साकाई नावाचं बंदर आहे. तिथल्या व्यापारी घरात १५२२ मध्ये सेन नो रिक्यूचा जन्म झाला. चहा देण्याच्या साध्या कृतीला त्याने साधनेची उंची दिली. आधी नोबुनागा आणि मग तोयोतोमी हिदेयोशी यांचा तो चहागुरू झाला. हिदेयोशीने सोन्याने मढवलेली चहाची खोली करवून घेतली होती. रिक्यूची म्हणून ओळखली जाणारी ‘ताइआन’ ही खोली क्योतोजवळ यामाझाकीला आजही आहे: दोन चटयांची, मातीच्या भिंतींची. आपल्या चाळीतल्या मोरीपेक्षा थोडी मोठी, एवढंच. तिचं दार अगदी बुटकं. आत जायचं तर गुडघे टेकून, मान वाकवून जायचं. कमरेला तलवार असेल तर ती बाहेरच्या फळीवर ठेवायची. देशातला सगळ्यात बलाढ्य माणूससुद्धा तिथे वाकूनच आत जाणार. आत चहाचा वाडगा असायचा तो कौलं करणाऱ्या चोजिरोने चाकाशिवाय, हाताने घडवलेला. काळा, खडबडीत, तळहातात मावणारा. त्या चोजिरोचं राकू घराणं आजही, पंधराहून जास्त पिढ्यांनंतर, क्योतोत वाडगे घडवतं.

१५९१ मध्ये हिदेयोशीने याच रिक्यूला पोट फाडून घेण्याचा हुकूम दिला. कारणं अनेक सांगतात. दैतोकुजी मंदिराच्या दरवाजावर रिक्यूची मूर्ती बसवली, तिच्याखालून धन्याला जावं लागलं, हे त्यातलं एक. सत्तर वर्षांचा तो माणूस हुकूम पाळून गेला. याआधीही असंच झालं होतं. नो नाटकाला घडवणारा झेआमी लहानपणी शोगुन योशिमित्सूचा लाडका होता. १४३४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, पुढच्या एका शोगुनने त्याला सादो बेटावर हद्दपार केलं. जपानच्या मध्ययुगात मर्जीतून उतरलेल्या कलावंताला असंही भोगावं लागलं आहे.

आता इंद्रायणीकाठी या. देहूचे तुकोबाही वाणीच. घरात सावकारी, दुकानदारी. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांनी पहिली बायको आणि मुलगा गमावला. मग त्यांनी काय केलं? भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. वसुलीचं चालतं यंत्र त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं. ही दोरी त्यांनी ओढली तेव्हा तोटा सर्वांत आधी त्यांचाच होता.

पुढे वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस काठावर बसून राहिले आणि वह्या तरल्या, ही परंपरा आपल्याला घराघरात माहीत आहे. गुरुजी मात्र त्या कथेच्या पुढच्या पानावर जास्त वेळ द्यायचे. तेच रामेश्वर भट तुकोबांचे शिष्य झाले. वह्या बुडवायला लावणारा माणूस पुढे तुकोबांची आरती म्हणतो. आपण चुकलो, असं एका विद्वानाने जाहीरपणे कबूल करणं मला वह्या तरण्याइतकंच मोठं वाटतं. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असंही परंपरा सांगते. त्या परंपरेत राजा रागावत नाही. तो कीर्तनाला येऊन बसतो. लोकांच्या स्मरणाने आपला राजा असा जपून ठेवला, यावरून लोकांना राजा कसा हवा होता तेही कळतं.

दोन विधवा

राज्यकर्त्यांत मी दोन स्त्रियांची नावं घेईन. कामाकुराची होजो मासाको हिचा नवरा मिनामोतो नो योरितोमो, पहिला कामाकुरा शोगुन, ११९९ मध्ये वारला. दोन मुलं शोगुन झाली आणि दोघांचाही खून झाला. नवरा गेल्यावरच केस उतरवून ती भिक्षुणी झाली होती, पण राज्याची सूत्रं सोडली नाहीत. १२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा कामाकुराविरुद्ध उठला. सम्राटावर शस्त्र कसं उचलायचं म्हणून सामुराई कचरले, तेव्हा मासाकोने त्यांना योरितोमोच्या उपकारांची आठवण दिली. डगमगणारं सैन्य उभं राहिलं आणि जिंकलं.

तळेगावच्या उमाबाई दाभाडे आपल्याला जवळच्या. १७२९ मध्ये नवरा सेनापती खंडेराव गेले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडला, तोही बाजीराव पेशव्यांशी लढताना, म्हणजे आपल्याच लोकांच्या हातून. शाहू महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन तळेगावला आले आणि त्यांनी दोन्ही घराण्यांची समजूत घातली. मुलाच्या मृत्यूचा सूड उगवण्याची ताकद असलेली आई त्या दिवशी थांबली. नंतर गुजरातच्या स्वारीत त्या स्वतः उतरल्या. वीस वर्षांनी नानासाहेब पेशव्यांशी त्यांचं पुन्हा बिनसलं आणि १७५१ मध्ये दाभाडे कुटुंब कैदेत पडलं. शाहूंनी दारात येऊन जे सांधलं होतं, ते पुढच्या पिढीच्या राज्यकर्त्यांना टिकवता आलं नाही. तळेगावला बनेश्वराजवळ उमाबाईंची समाधी आहे. गुरुजी तिथे आम्हाला पाच मिनिटं न बोलता उभं करायचे.

दोरी कुठून आली

मग कारखान्यातली ती दोरी आली कुठून? तलवारबहाद्दरांकडून नाही. ती आली एका सुताराच्या मुलाकडून. साकिची तोयोदाचा जन्म १८६७ चा. त्याच्या गावाकडे बायका हातमागावर विणायच्या. तो आयुष्यभर माग सुधारत राहिला आणि १९२४ मध्ये त्याचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. त्यातली खुबी अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. आधी तुटलेल्या धाग्यानिशीच कापड विणलं जायचं आणि सगळा ताका वाया जायचा. आता यंत्रच ‘थांबा’ म्हणू लागलं. पुढे त्याच्या मुलाने मोटारी बनवायला घेतल्या आणि त्या कारखान्यात कालांतराने मागातली ही कल्पना माणसाच्या हातात आली. यंत्राला जे थांबणं शिकवलं, तो हक्क त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसालाही दिला.

म्हणजे ही गोष्ट रक्तातून आली नाही. ज्या देशात एका चहागुरूला पोट फाडून घ्यावं लागलं, त्याच देशात साडेतीनशेहून जास्त वर्षांनी साध्या कामगाराच्या डोक्यावर दोरी टांगली गेली. ते शिकले, चुका पाहून, नुकसान मोजून, सराव करून शिकले. आणि आपण? आपल्याकडे चाकणचा किल्ला आहे, देहूचा घाट आहे, तळेगावची समाधी आहे. आपल्याला तर ही गोष्ट कारखान्याच्या कुंपणाबाहेर दहा-वीस किलोमीटरवर शिकता येते. ‘आपल्याकडे हे चालायचं नाही’ असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शेवटी माझ्याकडे येतो. त्या पोराच्या वेळी मी गप्प बसलो, याची भरपाई मला करता आली नाही. तो कुठे गेला, मला कळलं नाही. पुढे काही वर्षांनी एक लाइन माझ्या हाताखाली आली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना गोळा केलं आणि एकच नियम सांगितला. लाल दिवा लागला की तिथे पोचणाऱ्याने, मग तो कुणीही असो, पहिलं वाक्य ठरलेलं बोलायचं: “काय दिसलं?” ‘का थांबवली’ हे नंतर. पहिले दोन महिने दिवा कमी लागला. पोरांचा विश्वास नव्हता. मग एका रात्रपाळीला एका मुलीने दोरी ओढली. मी गेलो, विचारलं, “काय दिसलं?” तिने बोल्टचा डबा पुढे केला. त्यात दोन वेगळ्या मापांचे बोल्ट मिसळले होते. नुसत्या नजरेला फरक दिसत नव्हता, तिच्या बोटांना तो कळला होता. त्या महिन्यापासून दिवा लागू लागला आणि रिजेक्शन उतरू लागलं.

ते घडलं त्या गुरुवारी मी एकटाच चाकणला गेलो. गुरुजी तेव्हा आजारी होते. तटाच्या त्याच दगडावर हात ठेवून उभा राहिलो आणि मला त्यांचा प्रश्न आठवला: किल्ला गमावलेला किल्लेदार समोर उभा आहे, तुमचा पहिला प्रश्न काय? परतीच्या वाटेवर मी त्यांच्या घरी गेलो आणि उत्तर सांगितलं. ते अंथरुणावर उठून बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मग आता दुसऱ्यांनाही विचार.”

म्हणून आज तुम्हाला विचारतो. उद्या सकाळी सहाच्या पाळीला तुमच्या लाइनवर लाल दिवा लागेल. तुम्ही पहिलं वाक्य कुठलं बोलणार?